उशीर मोजताना

श्रुतिकाने मोबाइल दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभा केला, टीव्हीचा पडदा आणि वडिलांचा अंगठा दोन्ही दिसताहेत ना ते पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा, दाबा."

दत्तारामअण्णांनी बटण दाबलं. पडद्यावरचा चौकोनी माणूस खड्ड्याच्या काठावरून उडाला, पण उशिरा, आणि सरळ खाली गेला.

"बघ. बटन उशिरा लागतंय गो," अण्णा म्हणाले. "मशीन तुझी सुस्त हाय."

ते मशीन तिने स्वतः जोडलं होतं. सुटे भाग मुंबईच्या मावसभावाने एकेक करून पाठवले होते. बी.एस्सी.चा निकाल लागल्यापासून कापडे गावातल्या घरात तिला दुसरं काही कामही नव्हतं. जुने खेळ नव्या संगणकावर चालवणारा एम्युलेटर तिने त्यात टाकला तो खास अण्णांसाठी. लग्नाआधी ते लालबागला व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये कामाला होते. एका नाण्यात ते तासभर खेळत आणि मालक त्यांना हाताला धरून उठवी, असं आई सांगायची. नंतर गावी येऊन त्यांनी जीप घेतली. बावीस वर्षं पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, आणि परत.

मागच्या आठवड्यात ती जीप घाटातल्या एका वळणावर कठड्याला घासली. आत माणसं होती. कुणाला काही झालं नाही. ब्रेक उशिरा लागला, असं अण्णा म्हणाले. गॅरेजवाल्याने चारही चाकं उतरवून पाहिली, त्याला काही सापडलं नाही. उद्या सकाळी सात जणांना घेऊन पुन्हा वर जायचं होतं.

'उशिरा' हा शब्द त्यामुळेच श्रुतिकाला दुपारपासून स्वस्थ बसू देत नव्हता.

मोबाइल एका सेकंदात दोनशे चाळीस चित्रं घेत होता. बटण दबल्यापासून माणसाचे पाय सुटेपर्यंतची चित्रं तिने एकेक पुढे सरकवत मोजली. एकोणतीस. पुन्हा मोजली. एकोणतीसच. म्हणजे सेकंदाचा जवळजवळ आठवा भाग मशीनच खात होतं. ती धावत चुलीपाशी गेली आणि आईला म्हणाली, दोष मशीनचा आहे. स्वतःच्याच मशीनचा दोष सापडल्यावर पोरीला एवढं उड्या मारायला काय झालं, हे काही आईला कळलं नाही.

मग तिने बिनतारी कंट्रोलर काढून तारेचा लावला. चित्र सुंदर करण्यासाठी टीव्ही जे काही करत वेळ खात होता ते सगळं बंद केलं. एम्युलेटरमधली दोन सेटिंग बदलली. आता चित्रं भरली नऊ. इतका उशीर माणसाला जाणवत नाही.

अण्णा सहा वेळा खेळले आणि पाच वेळा त्याच खड्ड्यात पडले.

श्रुतिका उठून पडवीत गेली, परत आली, घट्टच असलेली तार आणखी घट्ट केली. बसली, आणि दहा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. पडदा पांढरा झाला की बटण दाबायचं, एवढंच. तिचा स्वतःचा आकडा आला दोनशे चाळीस मिलिसेकंद. आईने पदराला हात पुसत दाबून पाहिलं, तीनशे दहा. मी जिंकले का, असं विचारत ती भाकरीकडे गेली. अण्णांकडून तिने वीस वेळा करून घेतलं. सरासरी पाचशे वीस. सगळ्यात वाईट तीन आकडे काढून टाकले तरी पाचशेच्या खाली येईना. अण्णांनी विचारलं, तेव्हा बेरीज अजून व्हायची आहे असं तिने सांगितलं.

आणि मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने कधीच केलं नसतं असं एक काम तिने केलं. अण्णा पाणी प्यायला उठले तेवढ्यात खेळाचा वेग शंभर टक्क्यांवरून पंच्याऐंशीवर आणला.

"एक सेटिंग राहिलं होतं," ती म्हणाली. "आता खेळा."

पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आता कसं हाय. चौथ्या खड्ड्याआधी अण्णांनी कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. चौकोनी माणूस आपला आपण पडला. अण्णा मान कलती करून ऐकत होते.

"गाणं उतरलंय," ते म्हणाले.

"काय?"

"पार्लरात दिवसभर ह्येच कानाशी वाजायचं. एवढं खाली नाय ते." ते पडद्याकडेच पाहत होते. "तू खेळ हळू केलास."

श्रुतिकाने एक कळ दाबून वेग शंभरावर नेला. खेळाची धून चढली आणि जागेवर बसली. अण्णांनी मान हलवली.

"मगाशी आकडे लिवत होतीस. तुझा किती, आईचा किती, माझा किती?"

तिने तिन्ही सांगितले.

"तेवढ्यात गाडी किती जाते?"

हे गणित तिने केव्हाच करून ठेवलं होतं. "चाळीसच्या वेगाला पावणेसहा मीटर. माझ्यापेक्षा तीन मीटर जास्त." मग ती घाईघाईने बोलत सुटली: महाडला डॉक्टरांना दाखवू, वीस वेळा म्हणजे काही फार नाही, उजेडाचा फरक पडतो, सकाळी पुन्हा घेऊ.

अण्णा उजव्या हाताची मूठ मिटत होते, उघडत होते. दारातली आई आत आली नाही, गेलीही नाही.

थोड्या वेळाने त्यांनी मोबाइल घेतला आणि पोलादपूरच्या जीप स्टँडवरच्या मंगेशला फोन लावला.

"मंगेश, उद्याची सात माणसं तू घेऊन जा वर."

पलीकडून मंगेशने काहीतरी विचारलं.

"नाय रे," अण्णा म्हणाले. "गाडीला काय नाय झालं. गाडी एकदम बरोबर हाय."