म्हशीनं खाल्लेलं कॅल्सिट्रिऑल

आक्काच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. सोबत तांदळाएवढ्या चार ग्रंथीही कामातून गेल्या. अंगातलं कॅल्शियम त्या सांभाळायच्या. आता सकाळ-संध्याकाळ कॅल्सिट्रिऑलची एकेक कॅप्सूल. चुकली तर बोटं वळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पण ड जीवनसत्त्व उन्हात फुकट मिळतंय की," आबा म्हणाले. माझे वडील गणपतराव, फुकट वस्तूंचे जाणकार.

डॉक्टरांनी समजावलं, "ते कच्चं असतं. अंगात त्याचं पक्कं करायचा हुकूम याच ग्रंथी देतात. यांच्याकडं हुकूम देणारं कुणी उरलं नाही. म्हणून हे तयार ड."

"म्हंजी ऊस हाय, पण कारखाना बंद."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

इथंच घात झाला. आबांना आपण निम्मे डॉक्टर झाल्यासारखं वाटू लागलं.

त्या शनिवारी मी शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीवर होतो. नुकतीच व्यालेली म्हस सकाळी बसली ती उठेचना. आबांनी निदान केलं: कॅल्शियम कमी, आक्काचाच आजार. आमच्या घरात पहिला घास म्हशीचा असतो. आबांनी अठरा कॅप्सूल गुळाच्या गोळ्यात घालून तिला चारल्या. म्हशीनं जीभ फिरवली आणि बसूनच राहिली.

जनावरांच्या डॉक्टर अनुजा मॅडम आल्या. त्यांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. अर्ध्या तासात म्हस उभी.

"आधी काय दिलं होतं?"

आबांनी अभिमानानं रिकामं पाकीट दाखवलं.

"पावणं, एवढ्यानं म्हशीला काय होतंय? पण या गोळ्या कुणाच्या?"

"मालकिणीच्या."

"मग मालकीण काय खाणार?"

"भाकरी," आबा म्हणाले.

"आजच्या आज नवीन आणा," मॅडम म्हणाल्या.

गावातल्या मेडिकलमध्ये कॅप्सूल नव्हत्या. आक्कानं विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "संपल्या. सोमवारी कोल्हापूरला जाणारच हाय."

रविवारी दुपारी आक्काचे ओठ झिणझिणले. मग बोटं एकमेकींना चिकटून ताठ झाली आणि अंगठा तळहातात शिरला.

"जरा उन्हात बसतीस?" आबांनी विचारलं.

मी गाडी काढली.

कोल्हापुरात दवाखान्यात तिलाही शिरेतून कॅल्शियम लागलं. आबा घड्याळ बघत होते. "म्हस अर्ध्या तासात उठलीती," ते नर्सला म्हणाले. आक्काची बोटं हळूहळू सुटली. पहिलं बोट तिनं दाराकडं दाखवलं. आबा गेले.

तिला दोन दिवस ठेवून घेतलं. नवीन कॅप्सूल तिनं स्वतःच्या उशीखाली ठेवल्या. पण म्हस आक्काशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. आबांनी दोन लाथा खाल्ल्या. तिसऱ्या वेळी आक्काचं जुनं हिरवं लुगडं नेसून खाली बसले. म्हशीनं हुंगलं, विचार केला.

मी गोठ्यातनंच दवाखान्यात आक्काला व्हिडिओ कॉल लावला.

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "पदर डोक्यावरनं घ्या. आणि गप बसून पिळा, तुमचा आवाज वळखंल ती."

आबांनी पदर घेतला.