खुंटीवरची टोपी

चौकीत बाई शिपाई एकच, रशिदा. बाईमाणसाची चौकशी करताना खोलीत बाई पोलीस हजर पाहिजे असा वरून हुकूम आला, आणि हुकमाला पळवाट काढणार नाही तो हवालदार कसला! केरबा हवालदारांनी काढली. रशिदानं टोपी खोलीतल्या खुंटीला अडकवायची आणि टपरीवर चहा सांगायला जायचं. टोपी हजर म्हणजे बाई हजर. रशिदाला ते डाचायचं. पण घरी दम्यानं बेजार झालेला बाप, इलाही, तिच्याच पगारावर जगत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत.

काल शिवाजी पेठेतल्या चिमणाबाईला आणलं होतं. जिथं धुणीभांडी करायची, त्या घरातली साखळी गेली होती. टोपी खुंटीवर गेली. चहा सांगून रशिदा परतली, तर चिमणाबाईचा ओठ फुटलेला. आज तिला पुन्हा बोलावून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

आणि नेमका आजच पुण्याचा एक साहेब त्याच खोलीत वर्ग घ्यायला आला. माणसाचे हक्क, पोलिसांत बायकांचा वाटा, यावर तो तळमळीनं बोलला आणि पोलीस तितक्याच नेटानं जांभया दाबत राहिले. शेवटी त्यानं चौकशी करून दाखवायला सांगितलं. रशिदा झाली संशयित, केरबा चौकशी करणारे.

"यात बाई पोलीस कुठं आहे?" साहेबानं विचारलं.

केरबांचा हात सवयीनं पुढं गेला. रशिदाच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांनी खुंटीला लावली.

"ही हाय की."

आपण काय करून बसलो ते केरबांना उशिरा कळलं. साहेबानं रशिदाला विचारलं, अशा वेळी तू कुठं असतेस? केरबांनी डोळे वटारले. रशिदाला दम लागलेला बाप आठवला, आणि बाहेर बाकावर चिमणाबाई खोकली.

"भाईर, साहेब. टपरीवर. कालबी."

साहेबानं घड्याळ पाहिलं, बघतो म्हणाला आणि हातकणंगल्याच्या वर्गाला निघून गेला. जीप दूर गेल्यावर केरबांनी सांगितलं, की आता बापाला घेऊन बदलीवर आजऱ्याच्या दमट रानात राहायची तयारी ठेव.

रशिदानं टोपी खुंटीवरून काढून डोक्यावर घातली. चिमणाबाईला आत आणलं आणि तिच्या शेजारीच बसली. चहा सांगायला ती उठली नाही. चिमणाबाई अंग चोरून लांब सरकली.

"आज आत बसलीस व्हय?" ती टोपीकडं बघत म्हणाली. "काल कुठं गेलतीस?"