वार्निशाआधी

"मान जराशी खिडकीकडं घ्या, बाई," सहदेव म्हणाला आणि टर्पेंटाईनमध्ये बुडवलेला ब्रश त्यानं फडक्यावर दाबून निथळला.

सोजराबाईनं मान वळवली. खिडकीतला उजेड तिच्या गालावर उतरला. अंगावर थोरल्या बहिणीचं हिरवं लुगडं होतं, नाकात बहिणीचीच नथ. लुगडं आदल्या दिवशी पेटीतून काढलेलं. घड्या मोडल्या नव्हत्या आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास साऱ्या बैठकीत भरला होता.

पंजाबराव पाटील समोरच्या बाकावर बसले होते. केसर ही त्यांची पहिली बायको. बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. वर्ष उलटल्यावर तिचीच धाकटी बहीण सोजरा या घरात दिली. केसरचा एकही फोटो नव्हता. कापूस घेऊन खामगावला गेले असता एका जिनिंग मिलच्या कचेरीत पाटलांनी एका मयत शेठजींची ऑइल पेंटची तसबीर पाहिली, खालची सही वाचली आणि विचारत विचारत ते सहदेवच्या दुकानापर्यंत आले.

"फोटो आहे?" सहदेवनं विचारलं होतं.

"फोटो नाही. तिची लहान बहीण हाय घरात. चेहरा तोच हाय."

सहदेव दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बोर्ड रंगवी. नव्यानंच झालेल्या जिल्हा परिषदेच्या पाट्यांचंही काम त्याला मिळालं होतं. पण माणसाचा चेहरा काढायची संधी आली की बाकीची कामं तो पुढं ढकली. म्हणूनच एसटीतून रंगांची पेटी आणि ताणून बांधलेला कॅनव्हास सांभाळत तो पाटलांच्या गावी, धाडला, आला होता.

त्यानं चेहऱ्याचा पहिला थर पातळसर दिला. मातकट, हिरवट. सोजराबाईनं मान न हलवता डोळे तिरपे करून पाहिलं.

"मी अशी हिरवी हाय का, पेंटरभाऊ?"

"सगळेच असतात. खाली हिरवं असलं म्हणजे वरचं कातडं जितं वाटते. नुसता तांबूस रंग दिला तर मातीची बाहुली होते."

ती हसली. बाकावरून पाटील म्हणाले, "हसू नको. केसर अशी नव्हती हसत."

सोजराबाईनं ओठ मिटले. त्यानंतर बसायचं काम संपेपर्यंत ती हसली नाही.

हिरव्यावर सहदेवनं एकेक थर चढवत नेला. पिवळी माती, पांढरा, किंचित हिंगूळ. वरच्या थरांत टर्पेंटाईन कमी, जवसाचं तेल जास्त. मधूनमधून पाटील सांगत, ती हिच्याहून उजळ होती, भुवया जराशा दाट होत्या, पदर कानाच्या मागं नसे, पुढून असे. सहदेव पांढरा रंग वाढवी, भुवया दाट करी, पदर पुढं ओढी. पण डोळे, नाक, हनुवटी समोर बसलेल्या बाईचीच येत गेली. दुसरं यायचं तरी कुठून?

चित्र पुरं झालं तेव्हा पाटील त्याच्यापुढं उभे राहिले आणि मागंपुढं सरून पाहत राहिले.

"चांगलं झालं," शेवटी ते म्हणाले.

लोक 'चांगलं झालं' म्हणत नाहीत, हे सहदेवला अनुभवानं ठाऊक होतं. आपलं माणूस दिसलं की लोक 'आला', 'आली' म्हणतात.

"वार्निश पुढल्या हिवाळ्यात करू," तो म्हणाला. "वरून वाळलं तरी आतून ओलंच असते. अन् पावसाळी हवेत वार्निश केलं तर दुधाळ होते."

पुढल्या पौषात सहदेव परत आला. पिशवीत वार्निशाची बाटली होती. राळेचे खडे फडक्यात बांधून टर्पेंटाईनमध्ये विरघळवलेलं, मधाच्या रंगाचं वार्निश. पाटील हरभरा पाहायला शेतात गेले होते. बैठकीत भिंतीवर खिळा होता, तसबीर नव्हती.

"आत हाय," सोजराबाई म्हणाली. मधल्या घरातून तिनं ती उचलून आणली. चादरीत गुंडाळलेली होती आणि चादरीला धान्याची धूळ लागली होती. म्हणजे बरेच दिवस ती कोठीत पडलेली असणार. सहदेवला वाईट वाटलं. चित्र खिडकीशी टेकवून मलमलीच्या फडक्यानं त्यानं धूळ झाडली. रंग नीट वाळला होता. केसांचा काळा आणि गालांचा काही भाग मात्र तेल शोषून निस्तेज झाला होता. वार्निश लागलं की ते उजळणार होतं. त्यानं बाटलीचं बूच काढलं.

"याच्यानं काय होईन?" सोजराबाईनं विचारलं.

"रंग बंद होतो. धूळ बसली तरी त्याच्यावर बसते, रंगाले लागत नाही."

"मंग खालचं काही बदलता येत नाही?"

"वार्निशाच्या खाली कसं बदलणार?"

तिनं पुढं होऊन बाटलीच्या तोंडावर हात ठेवला.

"मंग थांबा."

सहदेवनं तिच्याकडं पाहिलं. तिनं हात काढला नाही.

"दिवाळीले माही माय आली होती. लोणारकडून, दोन एसट्या बदलून. तसबीर इथं भिंतीवर होती, चंदनाचा हार घातलेला. मायनं डोक्यावरचं गठोडंबी खाली ठेवलं नव्हतं. तिनं पाह्यलं अन् बोंबलली, माह्या जित्या पोरीले हार कोन घातला म्हणे. खुर्चीवर चढून तोडला तिनं हार. मणी साऱ्या घरात."

"पाटील होते?"

"होते. शेतात निंघून गेले. मायले म्या सांगतलं, अवं आक्का हाय ते. तं माय म्हणे, केसर माह्या पोटची नव्हती का? मले सांगते! ही तू हाय. माही केसर कुठं हाय?"

सोजराबाईनं चित्राकडं पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"मायचं काय, ती गेली गावाले. पन पेंटरभाऊ, मलेच आता आक्काचं तोंड आठवत नाही. डोये मिटले की हेच येते पुढं. हेच, माहं तोंड."

सहदेवनं बूच परत लावलं.

"मी समोर जे पाह्यलं ते काढलं, बाई. पाटलांनी सांगितलं ते बदललं."

"त्यायनं सांगतलं नाही. आक्काच्या तोंडावर देवीचे वण होते."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. वर्षभरापूर्वी रंग, भुवया, पदर इतकं सगळं सांगणाऱ्या माणसानं हे सांगू नये?

"किती होते?"

"दोन्ही गालांवर, हनुवटीवर. तिले देवी आल्या तवा मी अंगावर पीत होतो, तरी दूध तोडून मले मामाकडं धाडलं. म्हणून मी अशी राह्यलो." तिनं स्वतःच्या गुळगुळीत गालावरून बोट फिरवलं. "मंग मोठी झालो तं आक्काजवळच निजो मी. तिच्या गालावरच्या एकेका खड्ड्यात बोट ठेवो अन् तशीच झोपी जाओ. ती रागावे नाही. तुमी ते वण काढा."

"काढले तर आज वार्निश होणार नाही. ताजा रंग वाळू द्यावा लागेल."

"नका करू आज."

"अन् पाटील?"

"त्यायले मी सांगीन." पण हे म्हणताना तिनं दाराकडं पाहिलं.

सहदेवनं बाटली बाजूला ठेवली. ज्याची तसबीर त्याला न विचारता तिच्यावर ब्रश फिरवणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. पण 'माही केसर कुठं हाय' हा त्या म्हातारीचा सवाल पाटलांना नव्हताच, आपल्याला होता, असं त्याला वाटत राहिलं. त्यानं पेटी उघडली.

आधी उन्हात ठेवून निवळलेलं जवसाचं तेल त्यानं कपड्याच्या बोळ्यानं चेहऱ्यावर चोळलं, अगदी पातळ. निस्तेज झालेले रंग वर आले, केसांत काळं चमकलं, डोळे ओले झाल्यासारखे दिसले. सोजराबाई मागं सरकली.

पहिला वण त्यानं तपकिरी ठिपक्यासारखा काढला. तो चामखिळीसारखा दिसायला लागला. त्यानं फडक्यानं पुसून टाकला. खालचा वाळलेला रंग हलला नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, वण हा डाग नसतोच, तो खळगा असतो. खिडकीकडच्या कडेला त्यानं हिरवट करड्या रंगाची बारीक सावली दिली आणि पलीकडच्या कडेला पिवळसर पांढऱ्याचा तितकाच बारीक उजेड. गालात खळगा पडला.

"हाव, असाच," सोजराबाई हळूच म्हणाली.

"आता कुठं?"

तिनं डोळे मिटले. उजवं बोट स्वतःच्या गालावर ठेवलं आणि चाचपत चाचपत ते एका जागी थांबवलं. "इथं. हा मोठा होता, बोट मावे." बोट सरकलं. "इथं दोन. एकाले एक लागून." ती सांगत गेली आणि सहदेव काढत गेला. काही खोल, काही नुसते वर वर. डोळे उघडून ती चित्र पाही आणि परत मिटी. हनुवटीपाशी ती अडली. दोनदा चाचपलं, मग आठवत नाही अशी मान हलवली.

चेहरा बदलत होता. नाक, डोळे तेच होते, पण हळूहळू ती बाई समोर उभ्या असलेल्या बाईपासून दूर जात होती. वयानं थोरली दिसत होती, आणि का कोण जाणे, शांत.

बाहेर चपला वाजल्या. पाटलांनी ओसरीवर पाय धुतले आणि पंच्याला हात पुसत ते आत आले. दोन पावलं टाकली आणि थांबले.

सहदेवनं ब्रश खाली घेतला. सोजराबाईनं पदर सावरला.

"म्या सांगतलं त्यायले," ती म्हणाली. "पेंटरभाऊची काही चूक नाही."

पाटील चित्राकडं पाहत राहिले. पंचा त्यांच्या हातात तसाच होता. सहदेवला वाटलं, आता तसबीर फाडतील.

"नको असले तं पुसता येते," तो म्हणाला. "रंग ओला आहे."

"बुलढाण्याले नेलं होतं तिले मी," पाटील म्हणाले. ते सहदेवशी बोलत होते की चित्राशी, ते कळत नव्हतं. "फोटो काढाले. नवं लुगडं नेसून आली. स्टुडिओच्या पायरीपर्यंत आली अन् थांबली. म्हणे, माह्या तोंडाचा फोटो कायले पायजे, मी गेल्यावर लोकं वणच पाहतीन. परत आलो आमी. म्हणून म्या सांगतलं नाही तुमाले. तिले नको होते ते."

सोजराबाईनं मान खाली घातली होती. तिला हे माहीत नव्हतं, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"पुसाले सांगा," ती म्हणाली.

पाटील चित्राजवळ गेले. वाकले. खूप जवळून पाहिलं, तेलाचा वास नाकात जाईल इतक्या जवळून. मग बोट उचललं, रंगाला न लावता हनुवटीखाली धरलं.

"इथं एक राह्यला," ते म्हणाले. "खाली. मान वर केली की दिसे."

सहदेवनं सोजराबाईकडं पाहिलं.

"हा मले मालूम नव्हता," ती म्हणाली.

सहदेवनं तो काढला. सावलीतला, जेमतेम दिसेल न दिसेल असा. पाटील मागं सरून, पंचा शेजारी टाकून बाकावर बसले. काही वेळानं त्यांनी बाकावरचा पंचा उचलून मांडीवर घेतला, शेजारची जागा मोकळी केली आणि म्हणाले, "बस."

परक्या माणसासमोर ती नवऱ्याशेजारी कधी बसली नव्हती. ती उभीच राहिली. मग येऊन बसली, मध्ये हातभर अंतर ठेवून.

सहदेव चित्रापासून दूर झाला. डोळे किलकिले करून त्यानं पाहिलं. गालांवर, हनुवटीवर वण होते, आणि वरचं कपाळ मोकळं, सपाट दिसत होतं. एवढ्या वणांमध्ये ते खोटं वाटेल की काय असं त्याला वाटलं. त्यानं करड्या रंगात ब्रश बुडवला आणि कुंकवाच्या बाजूला धरला.

"इथं?"

"नाही," दोघंही एकदम म्हणाले.

पाटलांनी सोजराबाईकडं पाहिलं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"कपाळ साफ होतं तिचं," ती म्हणाली.

"हाव," पाटील म्हणाले. "कपाळ साफ होतं."

सहदेवनं ब्रश फडक्याला पुसला.