तपकिरी धूळ

दादा माझा सख्खा भाऊ. बावीस वर्षं तो डोंगरातून जीवाश्म शोधून आणतोय आणि संग्रहालयाच्या तळघरात मी ते दगडातून मोकळे करतेय. या वेळच्या सरड्याच्या जीवाश्माला मात्र त्याने मला हात लावू दिला नाही. म्हणे, मला सापडलाय, मीच साफ करणार. पुढच्या पायाला बोटं चार की पाच, त्यावर जात नवी की जुनी हे ठरणार होतं. दुपारी प्राध्यापकबाई मोजायला येणार होत्या.

मी टेबलावर पोलादी सुई, बांबूची टोकदार काडी आणि कुंचला मांडला.

"हाड दगडापेक्षा मऊ आहे. बांबूच घे, सुई हाड खाईल."

"बांबूनं काय दात कोरू?" म्हणत त्याने सुई उचलली.

डोक्यात अशी तिडीक गेली! पण मोठा भाऊ पडला, गप्प बसले. तिथंच माझं चुकलं.

आमच्या दगडाची धूळ करडी, हाडाची तपकिरी. रंग बदलला की हात थांबवायचा, एवढं तर आम्ही झोपेतही पाळू. अर्ध्या तासाने बघते तर सुईभोवती तपकिरी धूळ.

"दादा, थांब!"

"का? करडीच तर आहे."

"तपकिरी आहे रे, ढळढळीत!"

त्याला बाजूला सारून मी त्याच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चार बोटं, आणि शेजारी नुसता ओरखडा. तिथं पाचवं बोट होतं की दुसऱ्याच हाडाचा तुकडा, आता कोणीच सांगू शकणार नव्हतं.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"मोठं करून बघितलं की आकार दिसतात. रंग वर्षभरापूर्वीच गेले." तो चष्मा पुसत बसला. "सांगितलं असतं तर डोंगर बंद झाला असता माझा."

मला त्याचा रागही आला आणि रडूही.

काय तुटलं, कोणाच्या हातून, हे आमच्याकडे नोंदवहीत लिहावं लागतं. मी म्हटलं, "आधीच तुटलेलं होतं, असं लिहू. कोण बघतंय?"

"मूर्खासारखं बोलू नकोस. बाई त्यावर विश्वास ठेवून शोधनिबंध लिहिणार."

त्याने वही ओढली, पेन उघडलं आणि तसाच थांबला. मला वाटलं, धीर होत नाहीये.

"अगं," तो हळूच म्हणाला, "रकाना कुठं आहे, तेवढं दाखव."

मी त्याचं मनगट धरून पेन रकान्यावर टेकवलं.