चिंध्या चाचपणे

स्क्रुतीनियो. अर्थ: बारकाईनं केलेली तपासणी. इटलीतल्या प्रातो गावात हा शब्द शाळेत ऐकू येतो, मास्तर मुलांचे गुण ठरवायला बसतात तेव्हा. नाहीतर मतं मोजताना.

आज मतं होती. अर्देलियावर.

मूळ: लॅटिनमधलं 'स्क्रूता'. म्हणजे चिंध्या, फाटकंतुटकं. त्या ढिगात हात घालून कामाचं ते शोधायचं, त्यावरून हा शब्द निघाला. पाद्रीबाबांनी हे सांगितलं तेव्हा गोदामात चिंध्या निवडणाऱ्या बायका हसून लोळल्या होत्या.

"म्हणजे मतं मोजणारे काय, मास्तर काय, सगळे चिंधीवालेच की!" हे नोर्माचं. नोर्मा ही अर्देलियाच्या भावाची बायको.

लग्न होऊन आली तेव्हा नोर्माला लोकर आणि सूत यांतला फरक कळत नव्हता. अर्देलियानं तिला शेजारी बसवलं. डोळे मिटून कापड चाचपायला शिकवलं. बाकावर उभ्या ठोकलेल्या पात्यावर जुना कोट ओढून फाडायला शिकवलं. त्याआधी कडेला एक उलटी खाच द्यायची, म्हणजे पातं अडत नाही, हेही. ही खाच अर्देलियाच्या आईची. गोदामात ती अर्देलिया आणि नोर्मा दोघीच देत.

वापर, उदाहरणासह:

अर्देलियाच्या लोकरीच्या पोत्यात सुती तुकडे निघाले. गिरणीनं अख्खा माल परत पाठवला. गोदाम आता बायकांचंच, मालक कोणी नाही. तेव्हा निकालही त्यांनीच लावायचा. तुकड्यांना तीच उलटी खाच होती. मग आणखी कुणाचे?

"बोटं मेली हिची," तेरेसीना म्हणाली. ती सगळ्यांत वडील. "राग मानू नकोस गं. एक दिवस सगळ्यांचीच मरतात."

बोटं मेली, कापड कळेनासं झालं, असा शिक्का बसला की प्रातोत दुसरं कुठलं गोदाम दारात उभं करत नाही. खिडकीजवळची जागा जाणार होती, आणि जागेबरोबर सगळंच.

रीत जुनी. प्रत्येकीनं आपल्या पात्यावर काळा तुकडा कापून टोपलीत टाकायचा. ठेवायचं असेल तर लोकर, काढायचं असेल तर सूत. डोळ्यांना दोन्ही सारखेच काळे. जिच्यावर मत, तिनं मत टाकायचं नाही. मोजायचं मात्र तिनंच, बोटांनी. शंका आली तर तेरेसीना काडी ओढणार: लोकर जळली की केसांसारखी घाण येते.

"वन्सं, घाबरू नका," नोर्मा कानाशी म्हणाली. "मी आहे ना."

अर्देलियानं टोपलीत हात घातला.

लोकर. सूत. सूत. लोकर. ती बाजूला ठेवत गेली. सूत, आणि

कडेला

उलटी खाच.

अंगठा तिथंच थांबला. नोर्माच्या हातानं सवयीनं दिली असणार. पात्याशी बसल्यावर कोण विचार करतं? मग अंगठ्याला पोत्यातले तुकडे आठवले. खाच दोघींची होती. सगळ्यांनी एकीलाच विचारलं होतं.

"काय गं, कळेना?" तेरेसीनानं काडी काढली.

"कळलं. सूत."

शेवटी सुताचा ढीग मोठा निघाला. एकाच तुकड्यानं. तेरेसीनानं दोन्हीकडचे तुकडे जाळून पाहिले. "एकही चुकला नाही," ती हळूच म्हणाली. "अगं, बोटं तर जिवंत आहेत हिची!"

"मत झालं ते झालं," मागून कोणीतरी म्हणालं.

नोर्मा धावत आली, गळ्यात पडली. "मी लोकरच टाकली हो वन्सं! आईशप्पथ! कोण मेल्या दुष्ट आहेत त्या!" अश्रू खरे होते. अर्देलियाच्या मानेवर ओले लागले.

अर्देलियाच्या मुठीत तो खाचेचा तुकडा अजून होता. वर धरला असता तर पुरे होतं. पण तेरेसीनानं विचारलं असतं, ही खाच हिला कुणी शिकवली?

तिनं नोर्माचा हात ओढून घेतला, तळव्यावर तुकडा ठेवला आणि तिचा अंगठा धरून कडेवर फिरवला. सावकाश. शिकवताना फिरवायची तसाच.

नोर्माचं रडणं मध्येच तुटलं.

"डोळे मिट," अर्देलिया म्हणाली. "काय लागतंय, सांग."