दीड लिटर पाणी

हृदय थांबवून ऑपरेशन करतात, तेव्हा रक्त फिरवणारं यंत्र मी चालवते. चौदा वर्षं झाली. नाव सर्जनचं गाजतं, नळ्या मी जोडते. तक्रार नाही, आपलं सांगून ठेवलं.

त्या दिवशी टेबलावर आमच्याच थिएटरच्या निवृत्त मोठ्या सिस्टर यायच्या होत्या. मला हे काम त्यांनीच शिकवलं, तेही कान पिळून. वजन एक्केचाळीस किलो आणि मूत्रपिंड एकच. दुसरं केव्हाच धाकट्या भावाला देऊन बसल्या होत्या.

आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "माझ्या रक्तात पाणी किती घालणार गं?"

"नेहमीसारखंच. दीड लिटर."

"दूधवालासुद्धा लाजेल!"

हसले खरी, पण मनात हिशेब सुरू झाला. नळ्या सलाइनने भरल्याशिवाय यंत्र सुरू करता येत नाही. ते अंगात गेलं की रक्त पातळ होतं, त्यातली प्रथिनं विरळ होतात आणि नाजूक झालेल्या तांबड्या पेशी पंपात फुटतात. धडधाकट माणूस निभावून नेतो. सिस्टरांचं एकुलतं मूत्रपिंड त्या फुटक्या पेशींनी बसलं असतं, तर जन्माचं डायलिसिस.

सकाळी मी यंत्र टेबलाला खेटून लावलं आणि नळ्या हातभर कापून तोकड्या केल्या, म्हणजे पाणी कमी लागेल. सर्जनचं कोपर सारखं माझ्या यंत्राच्या खांबावर आपटत होतं.

"हे काय खूळ?"

"आज एवढं सोसा, सर."

यंत्र सुरू करण्याआधी मी नळ्यांतलं सलाइन पिशवीत काढायला लागले, त्या जागी सिस्टरांचंच रक्त हळूहळू येऊ दिलं. रक्तदाब घसरला.

"पाणी परत सोड!" सर्जन खेकसले.

"एक मिनिट द्या."

चौदा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं नाही. भूलतज्ज्ञ बाईंनी औषध दिलं आणि दाब सावरला.

पुढचे तीन तास मी लघवीच्या पिशवीकडे डोळे लावून होते. फुटक्या पेशींनी लाल झाली की संपलं. झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांची घशातली नळी निघाली. पहिला शब्द घोगरा आला, "रंग?"

"पिवळा! हा बघा!" मी पिशवी उचलून थेट त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? आधी खाली धर ती," सिस्टर म्हणाल्या, "लघवी उलटी आत जाईल. एकच उरलंय माझं."