शेवटची रेघ दाराची

मी एक कापडी फळा बोलतोय. मला खडू नको, शाई नको. ब्रश साध्या पाण्यात बुडवून टेकवा, माझ्या राखाडी अंगावर काळीभोर रेघ उमटते. वाळली की गेली. पुसायचं कामच नाही, म्हणून शिकणारा माझ्यावर चुकायला भीत नाही.

अंगावर तांबड्या चौकटी आणि कडेला नमुन्याची चिनी अक्षरं, एवढंच माझं भांडवल. त्या लिपीत अक्षर नुसतं दिसायला बरोबर असून भागत नाही. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, हे ठरलेलं असतं. आणि मी थोडा चुगलखोर आहे बरं का! जी रेघ आधी काढली ती आधी वाळते. उलटसुलट लिहिलंत, तर वाळता वाळता मी सगळं सांगून टाकतो.

एका आईने मला लेकीसाठी घेतलं आणि तिचा इवलासा हात धरून माझ्यावर गिरवून घेतलं. पुढे ती लेक दूरच्या, परक्या भाषेच्या घरी सून होऊन आली, तेव्हा तिच्या कपड्यांच्या घडीत मीही आलो. इथली भाषा ती शिकली, पण सकाळी दोन-चार अक्षरं माझ्यावर लिहायचीच. सासूबाई भाजी निवडता निवडता कौतुकाने बघायच्या.

मग एक दिवस फोन आला. तिची आई फार आजारी होती. ती धावत गेली, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परतली ती गप्पच. विचारलं तर उत्तर, वाढलं तर जेवण. मला तिने कपाटात चादरींखाली सारून दिलं.

सासूबाई व्रतवैकल्यांच्या. त्यांनी देवापुढे हात जोडले आणि नेम धरला. सून मनातलं बोलेपर्यंत चहा सोडला, आणि रोज आंघोळ झाली की तिच्या लिपीतलं एक अक्षर काढायचं. सून उठायच्या आत मला बाहेर काढायच्या, वाळलो की पुन्हा जागच्या जागी. सासरेबुवा हसले. फडक्याला पाणी पाजून कुठे पुण्य लागतं का, म्हणाले. तुमचा चहा तुम्ही करून घ्या, असं उत्तर मिळालं.

कडेचं सगळ्यात सोपं दिसलं ते अक्षर त्यांनी निवडलं: मोठ्या चौकोनात छोटा चौकोन. त्याचा अर्थ 'परत येणं', हे त्यांच्या गावीही नव्हतं. जीभ दातांत धरून आधी बाहेरची चौकट चारही बाजूंनी बंद करायच्या, मग आतला चौकोन. कोपरे हटकून वाकडे. मला चूक दिसत होती, पण मी पडलो कापड.

एका सकाळी सून लवकर उठली आणि स्वयंपाकघरात आली. मी टेबलावर पसरलेला. बाहेरची चौकट विरत चाललेली, आतला चौकोन अजून ओला. ती थबकली.

"आई, कोणी आत यायच्या आधीच दार लावलंत."

"मग कधी लावायचं गं?"

सुनेने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि ब्रश पाण्यात बुडवला. आधी डावी बाजू. मग वरून आडवं जाऊन उजवीकडे खाली. मग आतला छोटा चौकोन. तळाची रेघ तेवढी उरली.

"आता लावू दार?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेचा हात हलेना. "माझी आई इथे थांबवायची. म्हणायची, बघ, कोणी बाहेर राहिलंय का." मग फार हळू म्हणाली, "मीच राहिले हो, आई. पोचलेच नाही."

सासूबाईंनी ब्रश खाली ठेवला. "मग आज उघडंच राहू दे," म्हणाल्या आणि तिला कुशीत घेतलं. दोन थेंब माझ्यावर पडले. पाणी कुठलंही असो, मी तितकाच काळा होतो. पलीकडे सासरेबुवा गुपचूप उठले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं, तिघांचं.

आता माझ्या कडा उसवल्या आहेत. मधल्या काही चौकटी ओल्या होऊनही काळ्या होत नाहीत. तरी रोज सकाळी दोघी माझ्यावर लिहितात. सासूबाईंचे कोपरे अजून वाकडेच, पण क्रम चुकत नाही. सगळं विरून जातं आणि शेवटी तळाची एक रेघ उरते, उंबरठ्यासारखी. मग तीही जाते.

मी फाटलो तर खुशाल टाकून द्या मला. एवढंच मागतो, शेवटची रेघ ओढण्याआधी क्षणभर थांबा आणि बघा, कोणी बाहेर राहिलंय का.